शिवेवरची माती

मुंबईहून फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गाला फळांची टोपली काढायला सांगून व्हरांड्यात उभी होते. नगरमधल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते, आणि शाळा सुटली की नागापूरच्या एमआयडीसीत भाड्याने घेतलेल्या शेडमध्ये मातीचं काम करते. फोनवरचा माणूस एका कलादालनासाठी प्रदर्शन मांडत होता. विषय होता जमीन आणि वारसा, आणि सगळी कामं मातीचीच असणार होती. माझी दोनतीन कामं त्याने पुण्यात पाहिली होती.

"तुम्ही नगर जिल्ह्यातल्या," तो म्हणाला. "घरची शेती असेलच. वाडवडलांच्या शेतातली माती आणून काहीतरी मोठं कराल का? माणसाच्या उंचीचं, भिंतीसारखं?"

मी हो म्हणाले.

वर्गात परत आले, पण कुणाच्या वहीत काय काढलंय ते मला दिसेना. आमची शेती नव्हती. आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबले, आत्या अजूनही राबत होती, वडील गाव सोडून नागापूरच्या फाउंड्रीत लागले. आजोबांच्या पिढीने बौद्ध धम्म घेतला, पोरं शाळेत घातली, पण सातबाऱ्यावर आमच्यातल्या कुणाचं नाव कधी लागलं नाही. एवढं त्या माणसाला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण तो "घरची शेती असेलच" हे इतक्या सहज म्हणाला होता, की त्याचं ते म्हणणं मला चारदोन दिवस अंगावर घालून बघावंसं वाटलं. खरं सांगायचं तर तसंच झालं.

त्या आठवड्यात मी जिल्ह्यातल्याच बेलापूरकडे एक शेततळं खणलं जात होतं तिथून टेम्पोभर काळी माती आणली. उत्तम माती होती, ओली असताना चाकूने लोण्यासारखी कापली जाईल अशी. शेडमध्ये लाकडी चौकट उभी करून मी तिचे थर चढवायला घेतले. रोज शाळा सुटली की जायचं, कपडे बदलायचे आणि अंधार पडेपर्यंत थापत बसायचं. काम पुढे सरकत होतं, पण मी एका जागी ठरत नव्हते. अर्धा तास थापलं की उठायचे, शेडभर फेऱ्या मारायचे, दारात जाऊन समोरच्या कारखान्याची पाळी सुटताना बघायचे, परत यायचे. मांडणी तीनदा बदलली. कधी वाटायचं भिंत वाकडी आहे, कधी वाटायचं जागा चुकली. चूक मला माहीत होती, पण मी ती भिंतीत शोधत होते.

दहाव्या दिवशी भिंतीला पहिली भेग पडली. बाराव्या दिवशी भेगांत बोट जायला लागलं. त्या दिवशी रविवार होता आणि पप्पा माझा डबा घेऊन आले होते. फाउंड्रीतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. आई गेल्यापासून आम्ही दोघंच बोल्हेगावच्या घरात राहत होतो. माझं काम ते क्वचितच बघायचे. प्रदर्शनांना तर कधीच यायचे नाहीत. "तिथं उभं कसं राहायचं ते कळत नाही," म्हणायचे.

त्यांनी डबा टेबलावर ठेवला, भिंतीजवळ गेले आणि भेगेत नख घालून एक ढपला काढला.

"कुठली माती?"

"बेलापूरची. शेततळ्याची."

"आणि मुंबईवाल्यांना काय सांगितलंस?"

नंतर त्या माणसाचे फोन घरीही यायचे, तेव्हा पप्पा तिथेच असायचे. त्यांनी ऐकलं असणार.

"आपलं शेत आहे म्हणून सांगितलंस?"

"मी सांगितलं नाही. तेच म्हणाले."

"आणि तू हो म्हणालीस." त्यांनी ढपला परत भिंतीवर ठेवायचा प्रयत्न केला, तो खाली पडला. "ते राहू दे. पण नुसत्या काळ्या मातीची भिंत उभी राहत असते का? पाणी पिते तेव्हा फुगते, सुकते तेव्हा फाटते. पस्तीस वर्षं मी काय केलं मग?"

मला राग आला. फाउंड्रीचा आणि माझ्या कामाचा काय संबंध, असं मी बोलून गेले. त्यांनी डबा उघडून भाकरी माझ्यापुढे ठेवली आणि ते गेले. दुपारी तीनच्या सुमाराला वरचा निम्मा भाग एकदम खाली आला. मी बाहेर नळावर होते. आवाज पोतं पडल्यासारखा आला. आत येऊन बघितलं आणि का कोण जाणे, मला बरं वाटलं.

सोमवारी मी रजा टाकली आणि आत्याकडे गेले.

आत्या पप्पांची थोरली बहीण. राहात्याजवळच्या आमच्या मूळ गावात राहते. सत्तरी ओलांडली तरी हंगामात पेरूच्या बागेत तोडणीला जाते. मी पोचले तेव्हा ती अंगणात मोबाईलवर कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होती. फोन बंद करून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाप बरा हाय ना?"

"बरे आहेत. आत्या, मला माती पाहिजे. तू ज्या शेतात काम करायचीस त्या शेतातली."

"कशाला गं?"

मी सगळं सांगितलं, फोनपासून भिंत पडेपर्यंत. तिने मध्ये एकदाही विचारलं नाही की भिंत कशाला बांधायची. तिला एवढंच कळलं, की तिच्या कष्टाच्या शेताची माती मुंबईला जाणार आहे, आणि ती तिला योग्यच गोष्ट वाटली.

"चाळीस वरसं त्या रानात काढली. दोन पोती माती दिली तर काय बिघडतंय त्यांचं? चल."

शेत गावापासून दीड किलोमीटरवर, पाटाच्या कडेला. निम्म्यात ऊस, निम्म्यात पेरू. मालक बांधावर खुर्ची टाकून बसले होते, पंचाहत्तरीचे गृहस्थ, स्वच्छ पांढरे कपडे, हातात पेपर. आत्याने लांबूनच हाक दिली.

"रामराम," ते म्हणाले.

"जय भीम, अण्णा. ही माझी भाची. नगरला मास्तरीन हाय."

त्यांनी गड्याला माझ्यासाठी दुसरी खुर्ची आणायला लावली. आत्या खाली बांधावर बसली. पण मी खुर्चीत बसले नाही, उभीच राहिले, आणि ती मोकळी खुर्ची आमच्या मध्ये तशीच राहिली. आत्याशी ते "तू" म्हणत बोलत होते, माझ्याशी "तुम्ही". मी त्यांना माझं काम समजावून सांगितलं. प्रदर्शन, भिंत, माती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"म्हंजे तुमाला नेमकं काय सिद्ध करायचं हाय?"

"काहीच नाही."

"मग हीच माती का? माती सगळीकडं हाय." ते थोडे पुढे वाकले. "खरं सांगा, ताई. हाडोळ्याचं काय उकरून काढायचं हाय का? तसं असंल तर सरळ बोला."

हाडोळा म्हणजे गावकीच्या कामाबद्दल आमच्या लोकांना पूर्वी मिळालेली जमीन. तो शब्द मी लहानपणी घरात ऐकला होता, पण आमचा हाडोळा कुठे होता हे कुणी नीट सांगत नसे. आजोबांच्याही आधी तो हातातून गेला होता. मी आत्याकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"मला माहीतच नव्हतं की तो इथे होता," मी म्हणाले.

"इथं न्हवता. तिकडं पल्याड हुता," ते घाईने म्हणाले आणि पेरूच्या बागेपलीकडे हात केला, आणि हात केल्याकेल्या तो खाली घेतला. मग त्यांचा आवाज बदलला, मऊ झाला. "बघा, ही काळी आई हाय आमची. हिला पोत्यात भरून कशी देऊ? घरातल्या बायका पन न्हाई म्हनतील. चहा घ्या, पेरू न्या पाहिजे तेवढे. माती न्हाई देता यायची."

ते वाईट माणूस नव्हते. आत्या आजारी होती तेव्हा त्यांनीच तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात पोचवलं होतं, हे मला नंतर आत्यानेच सांगितलं. त्यांनी खरोखरच पिशवीभर पेरू दिले. पण परतीच्या वाटेवर, पाटाच्या पुलावर आल्यावर आत्याने पिशवी खाली ठेवली आणि चप्पल काढून तळवा माझ्यापुढे धरला. टाचेच्या चिरांमध्ये काळी माती बसली होती, वर्षानुवर्षांची, धुऊन न जाणारी.

"ही कुनाची मग?" ती म्हणाली. "ही बी दे म्हनावं परत."

मी हसायला गेले आणि मला ते जमलं नाही.

घरी न जाता तिने मला ओढ्याच्या बाजूला नेलं. का ते सांगेना. शेतं संपली, बाभळी लागल्या, एका जागी शेंदूर फासलेला उभा दगड होता. त्याच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे दुसरं.

"ही शीव," आत्या म्हणाली. "तुझ्या खापरपणज्याला हिचा दगड अन् दगड ठावं हुता. दोन गावांत शिवेवरनं भांडान लागलं, की आपल्या मानसाला बोलवायचे. डोक्यावर मातीचं ढेकूळ द्यायचे आन् म्हनायचे, चाल. तो चालंल ती शीव. खोटं चालला तर त्याचा वंश बुडनार, आशी शपथ असायची. मंग कोन खोटं चालतंय?"

"तुला कुणी सांगितलं हे?"

"माझ्या बानं. त्यानं त्याच्या आज्याला चालताना बघितलेलं. त्या आज्याच्या नावावर इतभर रान न्हवतं, पन रान कुठं सुरू हुतं आन् कुठं संपतं ते त्यालाच इचारायचे."

मी त्या दगडाजवळ उभी राहिले. मला खूप काही वाटायला हवं होतं आणि तसं काहीच वाटत नव्हतं. पायात काटा गेला होता, ऊन लागत होतं, पेरूचा वास येत होता. फक्त आतली धावपळ थांबत नव्हती. त्या पूर्वजाचा अभिमान वाटावा, की त्याच्या डोक्यावर ढेकूळ आणि वंशाची शपथ ठेवणाऱ्या गावाचा संताप यावा, हे मला ठरवता येईना. अजूनही ठरलेलं नाही.

"शीव कुनाचीच नसती," आत्या म्हणाली. "इथली घे. कोन इचारतंय बघू."

आत्याच्या शेजारच्या घरातून आम्ही कुदळ, घमेलं आणि पोती आणली. दोन दिवस शिवेच्या कडेने हिंडलो. जागोजाग माती बदलत होती, हे मला आधी कधी दिसलं नव्हतं. पाटाकडे काळी, ओढ्याच्या काठाला पिवळसर गाळ, टेकाडाजवळ तांबूस मुरूम, आणि जिथे शीव गावठाणाच्या सगळ्यात जवळून जाते तिथे राखेसारखी पांढरी. आमच्याकडे गावाच्या वस्तीखालच्या मातीला पांढरी म्हणतात आणि शेतीच्या मातीला काळी. गाव म्हणजे काळी आणि पांढरी. आमची वस्ती दोन्हींच्या बाहेर होती. मी दर पोत्यावर खडूने जागा लिहीत गेले. आत्या भरलेलं घमेलं डोक्यावर घ्यायची तेव्हा मी नको म्हणायचे, ती ऐकायची नाही.

एकवीस पोती झाली. टेम्पो करून नागापूरला आणली. पप्पा शेडच्या दारात उभे होते. आत्याने त्यांना फोन केला होता. त्यांनी एक पोतं उघडलं, मूठभर माती घेतली, थोडं पाणी शिंपडलं, मूठ आवळली आणि उघडली. तळहातावर बोटांच्या खुणांसकट गोळा उभा राहिला. दोन्ही हातांनी त्यांनी तो मधोमध मोडला. कड स्वच्छ मोडली.

"ही चालेल," ते म्हणाले. "हिच्यात रेती आहे."

फाउंड्रीत पप्पा मोल्डर होते. लोखंडी पेटीत लाकडी नमुना ठेवायचा, त्याच्याभोवती ओलसर रेती थराथराने ठोकून बसवायची, नमुना अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लहानपणी मला एवढंच माहीत होतं, की ते काळे होऊन घरी येतात. आता ते मला थर किती जाड हवा, ओल किती हवी, कुठे थांबायचं हे शिकवायला लागले. लाकडी चौकट त्यांनी काढून टाकायला लावली. ओळखीच्या ठेकेदाराकडून स्लॅब ओतताना लावतात त्या सेंट्रिंगच्या प्लेटा आणल्या, बोल्टांनी आवळल्या, आणि जुन्या साथीदाराकडून माती ठोकायचा एक लोखंडी रॅमर आणला. आत्या त्याला धुम्मस म्हणायची.

"चार बोटांपेक्षा जास्त थर टाकायचा नाही. आणि आवाज ऐक. सुरुवातीला भद्द वाजतं. बसली की टणक वाजतं. टणक वाजलं की थांब. पुढे ठोकलंस तर खालचा थर फुटेल."

मला ऐकू यायचं नाही. मी पुढे ठोकत राहायचे आणि ते माझा हात धरायचे. "थांब म्हणलं ना!" आम्ही खूप भांडलो. रंगांची चढउतार मला हवी होती तशी करायची होती, त्यांना मजबुतीची काळजी. मी म्हणायचे पांढरी वर हवी, ते म्हणायचे पांढरी भुसभुशीत आहे, काठावर टिकणार नाही. शेवटी ठरलं, की शीव जशी चालत गेली त्याच क्रमाने थर घालायचे. त्यात दोघांनाही बोलायला जागा राहिली नाही.

कमरेएवढा नमुना शेडमध्ये उभा राहिला. प्लेटा सोडवल्या त्या संध्याकाळी पप्पा त्याच्याभोवती दोनदा फिरले, एका जागी हाताने थोपटलं आणि म्हणाले, "चाळीस वर्षांत बनवलेलं काही दुसऱ्या दिवशी बघितलं नव्हतं. मोल्ड आज केला की आजच फोडायचा." मी त्यांना पस्तीस वर्षं म्हणून दुरुस्त केलं. त्यांनी ऐकलं नाही.

मुंबईला खरी भिंत जागेवरच बांधायची होती. टेम्पोत माती पुढे गेली, मागून आम्ही तिघं बसने. कलादालनाची फरशी इतकी चकचकीत होती, की आत्याने दारातच चप्पल काढली, आणि तिला नको म्हणायला धावत आलेल्या दालनातल्या मुलीलाही काय सांगावं ते कळेना. पाच दिवस आम्ही ठोकत होतो. आजूबाजूचे कलाकार कानात बोळे घालून काम करत होते.

प्रदर्शन मांडणारा तो माणूस रोज येऊन बघायचा. चौथ्या दिवशी त्याने मला बाजूला बोलावून एक कागद दाखवला. भिंतीशेजारी लावायची पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'कलाकाराच्या वडिलोपार्जित शेतातील माती.'

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "आमचं शेत नाही. नव्हतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मला वाटलं आता तो रागावेल. उलट त्याचा चेहरा उजळला.

"मग तर हे फारच जबरदस्त आहे! भूमिहीन दलित कुटुंबातली स्त्री, जमिनीच्या शोधात. आपण सगळा मजकूरच बदलू. तुमच्या आत्यांचा एक व्हिडिओ करू या का? त्या पायांच्या टाचा..."

टाचांबद्दल त्याला मीच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी जेवताना, आपलं काम किती खोल आहे हे पटवायला. ते आठवून माझे कान तापले. मी आत्याकडे पाहिलं. ती पोत्यावर बसून पप्पांना पाणी देत होती.

"व्हिडिओ नको," मी म्हणाले. "आणि मी कशाच्या शोधात वगैरे नाहीये."

"पण लोकांना संदर्भ लागतो."

"मी लिहिते पाटी."

ती लिहायला मला भिंतीपेक्षा जास्त त्रास झाला. कागदामागून कागद फाडले. एकात मी फार बिचारी दिसत होते, दुसऱ्यात फार शूर. शेवटी कोणत्या थराची माती शिवेवर कुठून घेतली एवढं लिहिलं, आणि खाली तीन ओळी: माती खणली आत्याने आणि मी. ठोकली वडिलांनी आणि मी. हात लावायला हरकत नाही. त्याला ते कोरडं वाटलं, पण त्याने लावलं.

उद्घाटनाला पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीपासून चार पावलांवर हात मागे बांधून उभे राहिले, कारखान्यात साहेब आल्यावर उभे राहत तसे. एका बाईंनी त्यांना विचारलं, ही भिंत काय सांगते? पप्पांनी जरा विचार केला.

"बाई, ही थोडी डावीकडे झुकलीय," ते म्हणाले. "पण पडणार नाही."

आत्याने सगळं प्रदर्शन फिरून पाहिलं. एका खोलीत कुणीतरी कच्च्या विटांचं घर बांधलं होतं, त्यात ती वाकून गेली आणि आतून ओरडली, "याला खिडकी ठेवायची ऱ्हायली!" लोक हसले. मीही हसले, मग मला हसणाऱ्या लोकांचा राग आला, मग स्वतःचा. त्या संध्याकाळी माझं कौतुक करायला आलेल्या प्रत्येकाशी मी अर्धं वाक्य बोलत होते आणि नजर दुसरीकडे.

प्रदर्शन महिनाभर चाललं. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, की वरच्या कोपऱ्याचा पांढऱ्या मातीचा तुकडा पडला आहे; दुरुस्तीला याल का? मी पप्पांना विचारलं.

"एसीने सुकली असेल. मी तुला म्हणलो होतो काठावर पांढरी नको."

"मग जायचं का?"

"पडलेलं चिकटवायचं नसतं. राहू दे."

मी तसंच कळवलं. पडलेला तुकडा जिथे पडला तिथेच ठेवा, असंही. नंतर एका ओळखीच्या मुलीने सांगितलं, की बरेच लोक त्या तुकड्याचेच फोटो काढत होते.

शेवटच्या दिवशी भिंत उतरवायला मी आणि पप्पा गेलो. कुणालातरी ती आहे तशी त्यांच्या बंगल्याच्या आवारात हवी होती. प्रदर्शनवाल्याने मला दोनदा समजावून पाहिलं. मी दोन रात्री त्याचा विचार केला, हे खोटं सांगणार नाही. पण ती भिंत कुणाच्या तरी जमिनीवर, कुणाच्या तरी कुंपणाच्या आत उभी आहे, हे डोळ्यांपुढे आणलं की मला बसवेना. मी नाही म्हणाले आणि नाही म्हटल्यावरही मोकळं वाटलं नाही.

पप्पांनी भिंतीला चारी बाजूंनी ठोकून बघितलं, कान लावला, आणि खालच्या तिसऱ्या थरात पहार घातली. दोन हिसड्यांत निम्मी भिंत एकसंध खाली बसली. चाळीस मिनिटांत सगळी माती फरशीवर. आता तिच्यात काळी कोणती आणि ओढ्याची कोणती ते सांगता येत नव्हतं. दालनाच्या मागच्या आवारात झाडं होती. तिथल्या माळ्याने सगळी मागून घेतली. त्याने मूठ भरून वास घेतला आणि विचारलं, कुठली आहे? पप्पा म्हणाले, "राहात्याकडची." तो म्हणाला, "बरी आहे. थोडं शेणखत घालावं लागेल."

नगरला आल्यावर दोन आठवडे मी शेडमध्ये गेले नाही. लोकांचे फोन येत होते, दुसऱ्या एका शहरात तशीच भिंत कराल का म्हणून. तशीच या शब्दाशी मी अडत होते. शाळेत मुलं काय काढताहेत ते आता दिसत होतं, पण तासाला पाच मिनिटं उरली की मी दारात जाऊन उभी राहायचे.

मग एके सकाळी आत्याचा फोन आला.

"भिंतीचं काय झालं गं?"

"फोडली."

"बरं केलं. एवढी जड वस्तू कुठं ठिवायची? आता काय करनार हायेस?"

"माहीत नाही, आत्या."

"मंग सुट्टी घिऊन ये हिकडं. मला घराच्या मागली भिंत लिपायचीय आन् हात वर जाईना."

शनिवारी मी गेले. तिने माती आधीच भिजवून ठेवली होती, भुसा आणि शेण घालून. मी साडी खोचली, शिडीवर चढले आणि वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. खालून ती सांगत होती, पातळ झालंय, जाड झालंय, तिथं ऱ्हायलंय. दुपारी पप्पाही बसने आले आणि घमेलं भरून वर द्यायला लागले. चार वाजेपर्यंत तीन हात भिंत झाली. अर्ध्या कामात मी दोनदा शिडीवरून उतरले, विनाकारण, ओढ्याकडे बघून परत चढले. दुसऱ्यांदा उतरले तेव्हा आत्या म्हणाली, "तुझं बूड काय एका जागी टिकत न्हाई." मी म्हणाले, नाही टिकत. आणि पुढचा गोळा भिंतीवर मारला.